उर्बानच्या नावाचा उत्तरार्ध

दोर सुटला तेव्हा विन्को लॅटिनमध्ये होता.

बाकीच्या भाषा तो एका हाताने बोलत असे, जेवताना तर हात न लावताच. पण लॅटिन आलं की त्याला दोन्ही हात लागत. तळवे वर जात, बोटं फाकत, जणू फळीवरून शब्द काढून समोरच्याला द्यायचा आहे. त्या दिवशी त्या हातांत दोर होता. दोराच्या दुसऱ्या टोकाला घराहून उंच खांब होता, अर्धा उचललेला, आणि खांबाच्या शेंड्यावर उर्बान स्लाविनेत्सचा खडखड्या बांधलेला होता. विन्कोने 'उर्ब्स' हा शब्द मोठ्या प्रेमाने आकाशात सोडला आणि त्याच्याबरोबर दोरही.

खांब क्षणभर थांबला. आपल्याला खरंच पडायचं आहे का, याचा विचार करत असावा. मग भोपळ्याच्या वेलांत आडवा झाला. कुणाला लागलं नाही. एक भोपळा गेला, आणि खडखड्याची चेरीच्या लाकडाची फळी मधोमध चिरली.

सगळे गप्प झाले. अशा शांततेत शहाणा माणूस तोंड मिटून घेतो. विन्कोला मात्र वाक्य अर्धवट टाकणं जन्मात जमलं नव्हतं. तो म्हणाला, "म्हणजे शहर. आणि त्यावरून उर्बान. शहरातला माणूस."

खांब उचलायला आलेले शेजारी पोट धरून हसले. उर्बानचा जावई तादेय सगळ्यांत मोठ्याने हसला. उर्बान हसला नाही. वेल न तुडवता, एकेक पाय जपून टाकत तो फळीपाशी गेला, खाली बसला आणि त्याने चिरेला नाक लावून वास घेतला.

गावात या यंत्राला क्लोपोतेत्स म्हणतात, पण तो शब्द म्हणताना नवख्याचे दात हलतात, म्हणून आपण खडखड्याच म्हणू. वाऱ्यावर फिरणारी पाती, पात्यांच्या आसावर लाकडी हातोड्या आणि हातोड्यांचा मार खाणारी एक फळी, एवढाच त्याचा संसार. संत याकोबच्या सणाला, जुलैच्या शेवटी, तो मळ्यात चढतो आणि द्राक्षं उतरेपर्यंत वारा आला की खडखडत राहतो. भोरड्यांनी द्राक्षांना चोच लावू नये म्हणून हा उपद्व्याप. आता भोरड्याही हुशार झाल्यात. खांबावर बसून निवांत द्राक्षं पचवतात. पण ल्युतोमेरच्या टेकड्यांत खडखड्या नसलेला मळा म्हणजे दार उघडून मुकाट उभं राहिलेलं घर. प्रत्येकाचा आवाज वेगळा, आणि इथला माणूस डोळे मिटून सांगतो की हा कोणाचा. उर्बानचा सगळ्यांत जाड आवाजाचा होता. उर्बान स्वतः फारसं बोलत नसे, त्यामुळे वर्षाचं सगळं बोलणं खडखड्याच उरकून टाकतो असं शेजारी म्हणत.

हा उर्बान म्हणजे शहरातला माणूस, यावर लोक हसले ते उगीच नव्हे. मुलगी येरित्सा लग्न होऊन मारिबोरला गेली, तेव्हा उर्बान एकदाच तिच्याकडे राहायला गेला. तिचं घर चौथ्या मजल्यावर. उर्बानने खाली इमारतीच्या दाराशीच बूट काढले, पायमोजांवर चारही जिने चढला, आणि दुसऱ्या दिवशी बूट तिथे नव्हते. तेवढ्यानेही तो शहरावर रागावला नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसला आणि बराच वेळ समोरच्या इमारतींमधून येणाऱ्या वाऱ्याकडे बघत राहिला. मग येरित्साला म्हणाला, "वारा फुकट जातोय." आणि जावयाचे बूट घालून संध्याकाळच्या बसने घरी आला.

विन्को त्याचा शेजारी, लहानपणापासूनचा. ल्युतोमेरच्या वाचनालयात त्याने नोकरी केली आणि तिथेच त्याला नावांचं वेड लागलं. कोणाचं नाव कुठून आलं, हे विचारायची गरज नसे. तो सांगतच असे. कसायाला मटण तोलताना सांगे, दंतवैद्याला तोंड उघडं असताना सांगे. स्वतःच्या नावाबद्दल मात्र तो फार बोलत नसे. विन्को म्हणजे विजयी. तो पत्त्यांत कधी जिंकला नव्हता. लग्नासाठी मागणी घातली तेव्हाही तो दुसरा आला होता, आणि पहिला आलेला उमेदवार ऐन वेळी पळाला म्हणून तर त्याचं लग्न झालं. बायको असेतोवर ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची. आता ती नव्हती, तर तो स्वतःच सांगायचा. आणि तिच्याइतकी चांगली जमत नाही, हेही वर सांगायचा.

या वर्षी मे महिन्यात, संत उर्बानच्या दिवशी, म्हणजे आपल्या नावाच्या सणाला, उर्बानने त्याला तळघरात बोलावलं होतं. दोन पेले झाले. तिसरा भरताना उर्बान पिंपाकडे बघत म्हणाला, "तू नावांचं वाचतोस."

"वाचतो."

"माझ्यात काही आहे का?"

विन्कोचा पेला हातातच राहिला. इतक्या वर्षांत उर्बानने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न. त्यामागचा अर्थ कळायला ग्रंथ उघडावा लागत नव्हता. येरित्साला दिवस गेले होते आणि मुलगाच होणार हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. या टेकडीवर एक पिढी सोडून एक उर्बान व्हायचा. उर्बानचा आजा उर्बान, आज्याचा आजा उर्बान. आता पाळी येरित्साच्या मुलाची. पण मारिबोरमध्ये तादेयची आई होती, हेर्मिनाबाई, आणि त्यांनी 'लियान' हे नाव काढलं होतं. उर्बान हे शेतकऱ्याचं नाव आहे, ते ऐकलं की गुडघ्याला चिखल लागल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणाल्या होत्या. येरित्साने ते फोनवर बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "बघू." आणि त्याच आठवड्यात त्याने उताराच्या कडेला द्राक्षाच्या नव्या वेलांची एक अख्खी ओळ लावली. लावणाऱ्याच्या मागे पन्नास वर्षं टिकणारे वेल. ही द्राक्षं पुढे कोण उतरवणार, असं विन्कोने विचारलं, तर त्यावरही "बघू."

तर माझ्यात काही आहे का, म्हणजे येरित्साला सांगण्यासारखं काही आहे का. विन्को म्हणाला, "तुझ्यात भरपूर आहे. वेळ येऊ दे, असा सांगेन की तादेय रडेल."

वेळ आली ती खडखड्या चढवायच्या दिवशी. बाळ तीन आठवड्यांचं झालेलं, अजून बिननावाचं. येरित्सा आणि तादेय त्याला घेऊन आलेले. विन्कोने भाषणाचे दोन भाग बांधले होते. पूर्वार्धात लॅटिन शब्द, रोम, शहर. उत्तरार्धात तो खरा माल काढणार होता: संत उर्बान शत्रूंपासून पळताना द्राक्षाच्या वेलीमागे लपला, वेलीने त्याला पानांत झाकून घेतलं, म्हणून तो द्राक्षमळ्यांचा राखणदार, आणि म्हणून हे नाव याच टेकडीचं. पूर्वार्धाशिवाय उत्तरार्ध उठून दिसत नाही, असं त्याचं मत होतं. पूर्वार्धाला दोन हात लागले आणि उत्तरार्ध भोपळ्यांत पडला.

तादेयही येरित्सासारखा सासऱ्याला अता, म्हणजे बाबा, म्हणे. गाडी सुरू करताना तो खिडकीतून म्हणाला, "काय अता, शहरी बाबू! मग आमच्या मजल्यावर कधी येताय राहायला?" उर्बानने हात हलवला. गाडी वळणाआड गेल्यावर उर्बानने फुटलेली फळी बगलेत मारली आणि विन्कोला म्हणाला, "चल, जेव." एवढंच. विन्को म्हणतो, शिव्या दिल्या असत्या तर घास उतरला असता.

चिरलेली फळी सांधून चालत नाही. सांधलेली फळी खोकते. नवी हवी, आणि ती चेरीचीच हवी, वर्षानुवर्षं सावलीत वाळलेली. अशी कोणाकडेच नव्हती. दोन दिवसांनी सकाळी उर्बान विन्कोच्या दारात उभा राहिला, आणि बूट न काढता आत आला. विन्कोने कॉफी ठेवली आणि मनात म्हटलं, आता हा बोलणार. म्हणून त्यानेच सुरुवात केली की उर्बान, त्या दिवशीचं अर्धंच झालं, खरी गोष्ट पुढे आहे. उर्बान ऐकत होता की नाही कळेना. तो विन्कोचं जेवणाचं टेबल बोटाच्या पेराने वाजवत होता. कान लावला, मान हलवली. कपाट वाजवलं, मान हलवली. विन्कोची बायको माहेरून घेऊन आली होती ती कपड्यांची पेटी वाजवली, आणि तिच्यावर थोडा वेळ हात ठेवून पुढे गेला. मग भिंतीवरच्या पुस्तकांच्या फळीपाशी थांबला. खालून वाजवली. परत वाजवली.

"ही," उर्बान म्हणाला.

"ती माझी नावांच्या पुस्तकांची फळी आहे."

"चेरी आहे."

"असेल. माझ्या सासऱ्याने केलेली. तिच्यावर माझं सगळं ज्ञान आहे, उर्बान."

"ते खाली ठेव."

विन्कोने ज्ञान खाली ठेवलं. त्याला स्वतःलाच आश्चर्य वाटलं की ते जमिनीवर किती थोडी जागा घेतं.

तो आठवडा दोघांनी उर्बानच्या पडवीत काढला. काम उर्बानचं, धरणं विन्कोचं. उर्बान एका बाजूने अगदी कागदाएवढी रंधायचा, फळी दोन दोरांवर टांगायचा, हातोडीने टोला द्यायचा आणि तोंड किंचित उघडून ऐकायचा. विन्कोला प्रत्येक टोला सारखाच वाटे. तो "वा" म्हणे. उर्बान फळी उतरवून पुन्हा रंधायला घेई. म्हणून नंतर विन्कोने "वा" म्हणणं सोडलं, तेव्हा उर्बानने त्याच्याकडे बघून विचारलं, "काय झालं?"

तिथेच, रंध्याच्या भुशात उभं राहून, विन्कोने त्याला उत्तरार्ध सांगितला. हात न हलवता, कारण हातांत फळी होती. संत कसा पळाला, मागून घोडे कसे आले, वेलीने पानं कशी पसरली. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपण आयुष्यात प्रथमच एखादी गोष्ट हात न हलवता सांगतोय आणि ती बरी होतेय. उर्बानचा रंधा थांबला.

"वेल कुठली होती?" उर्बानने विचारलं.

"म्हणजे?"

"जात कुठली? द्राक्षाची."

"ते दिलेलं नाही कुठे."

उर्बानने विचार केला. "दाट पानांची असणार," म्हणाला आणि पुन्हा रंधायला लागला. पण त्या दिवशी जेवताना त्याने तळघरातून जुनी बाटली आणली आणि विन्कोचा पेला आधी भरला. विन्कोला कळलं की गोष्ट पोचली. आता ती फक्त तादेयपर्यंत पोचवायची होती. रविवारी नवी फळी बसवून खडखड्या पुन्हा उभा करायचा होता. येरित्सा, तादेय आणि या वेळी हेर्मिनाबाईही येणार होत्या. विन्को मनात गोष्ट घोटू लागला. घोड्यांची संख्या त्याने जरा वाढवली.

शनिवारी येरित्साचा फोन आला, आणि तो बापाला नव्हता, विन्कोला होता.

ती हळू बोलत होती, म्हणजे सासू शेजारच्या खोलीत असणार. म्हणाली की विन्को काका, तुम्ही त्या दिवशी शहराचं सांगितलंत ना, ते तादेयने घरी जाऊन आईला हसत हसत सांगितलं. आणि आई हसल्याच नाहीत. चष्मा काढून पुसायला लागल्या. रोमन आहे का, म्हणाल्या. शहरातला सभ्य माणूस, असा अर्थ आहे का. आपल्या मैत्रिणीला फोन करून विचारलं, ती म्हणाली हो, तसाच आहे. तेव्हापासून लियानचं नाव निघालेलं नाही. उद्या गाव बघून, घर बघून काय ते ठरवू म्हणतायत.

"म्हणजे मी... म्हणजे माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळेच. म्हणून तर फोन केला. काका, अतांनी मला त्या वेलीच्या संताचं सांगितलं. फार सुंदर आहे. ते उद्या सांगायचं नाही."

"अगं पण तोच तर खरा..."

"द्राक्षाची वेल आली की चिखल आला. चिखल आला की लियान आला. सोमवारी नाव नोंदवायचंय. तोवर तुम्ही उत्तरार्ध पोटात ठेवा. आणि अतांना यातलं काही सांगू नका. ते सासूबाईंकडे असं बघत बसतील की त्यांना कळेल."

विन्कोने शब्द दिला. फोन ठेवल्यावर तो जमिनीवरच्या पुस्तकांजवळ बसला आणि आपल्या कर्तृत्वाचा विचार करू लागला. आयुष्यात एकदा तो जिंकत होता, तेही पडलेल्या खांबामुळे आणि बोलायचं राहून गेलेल्या भागामुळे. बायको असती तर म्हणाली असती की विन्को, तुझं न बोललेलंच नेहमी कामाला येतं.

रविवारी हेर्मिनाबाई आल्या त्या पांढऱ्या पँटमध्ये. मारिबोरच्या जुन्या बाजारात त्यांनी जन्मभर चष्म्यांचं दुकान चालवलं होतं, आणि समोरच्याकडे त्या अजूनही असं बघत की आता याला कोणता नंबर लागेल. उर्बानकडे बघून त्या म्हणाल्या, "स्लाविनेत्ससाहेब, नमस्कार." कित्येक वर्षांची सोयरीक, पण त्यांनी उर्बानला नावाने हाक कधी मारली नव्हती. उर्बानने आपला इस्त्रीचा सदरा घातला होता. त्याला शहरात जाऊन आल्यासारखा घाम आला होता.

जेवण अंगणात अक्रोडाच्या झाडाखाली. भोपळ्याच्या तेलातली कोशिंबीर, लोण्यात मुरवलेलं थंड मांस, आणि शेवटी येरित्साने केलेली साय-पनीरची गिबानित्सा, ओव्हनमधून नुकतीच काढलेली. बाळ पाळण्यात झोपलं होतं. गप्पा हवेच्या झाल्या, रस्त्याच्या झाल्या, आणि मग हेर्मिनाबाई विन्कोकडे वळल्या.

"तुम्हीच ना ते नावांचे जाणकार? तादेय सांगत होता. मला त्या नावाचं जरा नीट सांगा ना. अजून काय काय आहे त्यात?"

येरित्साने विन्कोकडे बघितलं. विन्कोने गिबानित्साचा मोठा तुकडा तोंडात घातला. तुकडा आतून उकळत होता. डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने तो धरून ठेवला. तोंड भाजलेला माणूस निदान बोलत तरी नाही.

आणि तेव्हा टेबलाच्या त्या टोकाकडून उर्बानचा आवाज आला. उर्बानने पाहुण्यांसमोर आपणहून बोलावं, याची टेकडीवर कोणाला सवय नव्हती. गिबानित्सा वाढणारी येरित्साही थांबली.

"विन्को," उर्बान म्हणाला, "तो वेलीवाला सांग."

विन्कोने तुकडा गिळला. तो छातीपर्यंत जळत गेला.

"कोण वेलीवाला?" हेर्मिनाबाईंनी विचारलं. "म्हणजे शेतकऱ्यांचा कोणी?"

उर्बान विन्कोकडे बघत होता. मे महिन्यात तळघरात पिंपाकडे बघितलं होतं तसंच. विन्कोला वाटलं, आपण आता काय ते सांगून टाकावं, घोड्यांसकट. निदान मित्राच्या समोर तरी खोटं पडू नये. येरित्साने चमचा बशीत ठेवला. विन्को पाणी प्यायला.

"वेलीवाला कोणी नाही, उर्बान," तो म्हणाला. "मी कोणा दुसऱ्याचं सांगितलं असेन. आठवत नाही आता." आणि हेर्मिनाबाईंकडे वळून म्हणाला, "एक पोप होता बघा या नावाचा. रोमचा. रोम शहराचा."

"पोप," हेर्मिनाबाई म्हणाल्या आणि चष्मा सरळ केला. "बघ तादेय. पोप."

हे खोटं नव्हतं, पोप होताच. खरं तर संत दोन होते, आणि लोकांनी त्यांचा एक केला होता, यावर विन्को एरवी तासभर बोलला असता. उर्बानने विन्कोकडे आणखी थोडा वेळ बघितलं, मग उठला, टोपी डोक्यावर चढवली आणि मळ्याकडे निघाला. विन्कोच्या बशीत गिबानित्साचा अर्धा तुकडा उरला होता. त्याने तो खाल्ला नाही, आणि विन्कोच्या बाबतीत असं त्याच्या बायकोच्या अंत्यविधीनंतर प्रथमच घडत होतं.

शेजारी जमले. खड्डा तयार होता, खांब आडवा पसरलेला, शेंड्यावर नवी फळी घातलेला खडखड्या, पाती सुतळीने बांधलेली. उर्बानने एकेकाला जागा दिली. दोघं-दोघं टेकूच्या काठ्यांशी, तादेय पायथ्याशी. मागचा दोर कोणाला द्यायचा, यावर शेजाऱ्यांनी विनोद केले. कोणी म्हणालं, विन्कोला लांब बसवा, कोणी म्हणालं, त्याच्या तोंडात चिंधी कोंबा. विन्को स्वतःच बाजूला होऊन उभा राहिला. त्याला वाटत होतं, आज आपण दोराच्या लायकीचे नाही, आणि हे तो नेहमीसारखं हसून म्हणू शकत नव्हता.

उर्बानने दोर उचलला, विन्कोपाशी आला आणि त्याच्या हातात दिला. त्याच्या चेहऱ्यावर राग होता की नाही, हे विन्कोला इतक्या वर्षांनंतरही वाचता येईना.

"एकदम," उर्बान म्हणाला, आणि माणसांनी जोर लावला. खांब वर निघाला. शेजाऱ्यांनी नेहमीची आरोळी ठोकली, टेकूच्या काठ्या सरकल्या, खांब अर्ध्यावर आला. विन्कोने दोर मुठीला गुंडाळला होता आणि टाचा मातीत रोवल्या होत्या. त्या आरोळीने अंगणातलं बाळ दचकून उठलं आणि ओरडून रडायला लागलं. अक्रोडाखालून पावलांची घाई ऐकू आली, खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग हेर्मिनाबाईंचा आवाज, दुकानातला नव्हे, निराळाच, मऊ:

"उर्बान! अरे माझ्या सोन्या, घाबरलास का? नाही रे, कोणी नाही, ते आजोबा आहेत आपले. ये, उर्बान, ये माझ्याकडे."

टेकूवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने उर्बानला विचारलं की ही तुला सोन्या कधीपासून म्हणायला लागली. तादेयने पायथ्याशी वाकल्या वाकल्या मान वळवून सासऱ्याकडे बघितलं आणि हसला, पण या वेळी वेगळं. उर्बान खांबावर एक हात ठेवून उभा होता. त्याने टोपी थोडी मागे सारली आणि अंगणाकडे बघत राहिला. त्याचं तोंड किंचित उघडं होतं, फळी वाजवून बघताना असतं तसं.

विन्कोला सगळं एकदम कळलं आणि ते सगळं एकदम सांगायचं होतं. की वेलीवाला आहे, आहेच, तो कुठे गेलेला नाही. की येरित्साला शब्द दिला होता. की तुझ्यासमोर नाही म्हणालो तेव्हा छातीत जे जळलं ते नुसतं गिबानित्साचं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. नाक गळायला लागलं. एक हात नाक पुसायला निघाला आणि दुसरा, नेहमीप्रमाणे, समजावून सांगायला.

"उर्बान," तो म्हणाला, "आता तरी कळलं ना, मी का गप्प बसलो? रागावला नाहीस ना रे माझ्यावर?"

उर्बानने अंगणावरची नजर काढली नाही.

"दोर धर."